घरातली आग ओळखताना नजर छताकडे ठेवावी

न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या भांड्याखाली) सोडणे, म्हणजे नारळाची सुकी सालं, पेटवताना गोव्यातल्या जुन्या घरांत एक गोष्ट रोज दिसते: आधी धूर निघतो आणि मग त्या धुरालाच जाळ लागतो. लाकूड किंवा सोडण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात, आणि ज्वाळा असते ती हवेतल्या ऑक्सिजनशी मिसळून जळणाऱ्या या वायूंची. समईतले तेलही वातीवर चढून त्याची वाफ झाल्यावरच जळते. ज्वाळेला पिवळा रंग तापून झळकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे येतो. गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळलेली असल्याने जाळ निळा असतो, म्हणून तो पिवळा पडू लागला तर बर्नर साफ करून घ्यावा.

उघड्यावर पेटवलेल्या पाचोळ्याची उष्णता आकाशात निघून जाते, खोलीत मात्र ती अडते. तापलेले वायू आणि धूर छताखाली पसरतात, भिंतींपाशी पोहोचून त्यांचा थर खाली उतरू लागतो आणि तो थर खालच्या प्रत्येक वस्तूवर उष्णता फेकत राहतो. त्याचे तापमान सुमारे ५०० ते ६०० अंशांवर गेले की आगीपासून दूर असलेला सोफा, पडदे, कपाटही वायू सोडू लागतात आणि सगळी खोली जवळजवळ एकाच वेळी पेटते. फोमच्या गाद्या असतील तर यास काही मिनिटेच पुरतात. कौलारू घरात फटींतून थोडा धूर निसटतो (अर्थात तिथे वासेच लाकडाचे असतात). फॉल्स सीलिंगच्या, खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये ही सवलत नाही.

म्हणून आग दिसताच आधी वर पाहावे. आग लहान असेल, धूर छतालगतच असेल आणि बाहेरचे दार आपल्या पाठीशी असेल, तरच विझवण्याचा प्रयत्न करावा. धुराचा थर डोक्याच्या उंचीवर आला असल्यास खाली वाकून, गरज पडल्यास रांगत बाहेर पडावे, कारण त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. निघताना दार ओढून घ्यावे. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्वाळा मंदावतात. मात्र ते दार पुन्हा उघडू नये, कारण आत साचलेले तप्त वायू हवेचीच वाट पाहत असतात आणि ती मिळताच भडका बाहेर येतो.

कढईतले तेल पेटल्यास गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे. पाणी टाकू नये: पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट फुगते आणि जळते तेल चहूकडे उडवते. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तेव्हा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

चवथीला (गणेश चतुर्थीला) समई माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या पाना-फळांच्या छताच्या, थेट खाली ठेवू नये, कारण ज्वाळेची बहुतेक उष्णता सरळ वर जाते आणि टांगलेली पाने-फळे दोन दिवसांत वाळू लागतात.

१०१ किंवा ११२ वर फोन बाहेर पडल्यावर करावा आणि जवान आले की कोणत्या खोलीचे दार बंद केले आहे व सिलिंडर कुठे आहे, हे त्यांना आधी सांगावे.