पावसाळा आणि सशाच्या पिंजऱ्याचा वास

जून लागला की कोकणात काही वाळतच नाही. पडवीतल्या पिंजऱ्यात मूत साचून राहतं आणि त्यातला अमोनिया डोळ्यांना झोंबतो. ससा तर त्याच्या अगदी जवळ बसलेला. म्हणून ओला पेंढा रोज काढा. भाताचा पेंढा चालतो, पण कोरडा. बुरशी दिसली की थेट खताच्या खड्ड्यात.

ट्रेवरचा पांढरा थर कॅल्शियमचा असतो, साबणाला दाद देत नाही. निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी ओतून थोडा वेळ ठेवा, घासा, पुरतं वाळवा. वास कमी व्हावा म्हणून पाणी कमी पाजणं हा उफराटा उपाय. त्याने मुतखड्याचा धोका वाढतो. नर जागोजागी फवारत असेल तर नसबंदीने बराच फरक पडतो.

लघवी तांबूस दिसली की लोक घाबरतात. पुष्कळदा तो पाल्याचा रंग असतो. मात्र रक्ताच्या गुठळ्या, कुंथणं, चुन्यासारखी दाट लघवी, सतत ओले मागचे पाय, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरकडे न्या. नसबंदी न झालेल्या, वयात आलेल्या मादीत रक्त म्हणजे गर्भाशयाचा कर्करोगही असू शकतो. ओल्या केसांत माश्या अंडी घालतात. अळ्या दिसल्या किंवा खाणं थांबलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरातलं उरलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) अजिबात पाजू नका, तोंडावाटे ते सशाच्या जिवावर बेतू शकतं.