भरतीची तारीख मिळाली? आधी दात बघा

लेकराच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख हातात पडली की बॅग भरायला घेऊ नका. त्याला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ उचला आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये दात बघा. हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरट डाग, तपकिरी रेघ, काहीही दिसलं तर दुसऱ्याच दिवशी दाताचा डॉक्टर गाठा. काही दिसलं नाही तरी जा, कारण मागच्या दाढा आपल्याला नीट दिसत नाहीत.

मी गेले नव्हते. लेक 3 वर्षांची, दुधाचे दात, पडणारच आहेत म्हणून सोडून दिलं. साताऱ्याहून पुण्याला गेलो, भरती झालो, आणि आदल्या दिवशीच्या तपासणीत दोन दाढा किडलेल्या निघाल्या. ऑपरेशन रद्द. पुढची तारीख मिळेपर्यंत अडीच महिने गेले. अंगणातून उंबऱ्यापर्यंत येताना ती धापा टाकायची आणि मी रोज ते बघायचे. किडक्या दातातले जंतू रक्तात उतरतात, हृदयातलं छिद्र बुजवायला लावलेल्या पॅचवर, म्हणजे ठिगळावर, जाऊन बसतात, आणि तो संसर्ग जिवावर बेतू शकतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतेय.

गोड सिरपची औषधं आणि झोपताना तोंडात दुधाची बाटली, दोन्हींनी दात किडतात. औषध पाजलं की वर पाणी पाजा, रात्री दात घासल्याशिवाय झोपवू नका. दाताच्या डॉक्टरांना आत शिरताच सांगा की मुलाच्या हृदयाला छिद्र आहे. दात काढायचा झाला तर आधी अँटिबायोटिक लागेल का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागतं. काम झालं की ‘दात ठीक आहेत’ अशी सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्या आणि फाइलला लावा. हे सगळं निदान महिनाभर आधी, निघायच्या आठवड्यात नाही.

आधार, जन्मदाखला सगळे नेतातच. रेशनकार्डावर लेकराचं नाव चढलंय का ते बघा, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर तिथे अडतं. टूडी इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, जुने रिपोर्ट सगळे घ्या, तारखेप्रमाणे लावून. रक्त द्यायला कोण येणार, ते फोन करून पक्कं करा. ‘बघू’ म्हणणारा धरू नका.

शेवटचे दोन आठवडे लग्न, बारसं, जत्रा काही नाही. कुणाला राग आला तर येऊ दे. सर्दी-खोकला झालाच तर लपवू नका, लगेच फोन करा. छातीत कफ असताना भूल देणं धोक्याचं असतं. तारीख पुढे जाईल, पण घरच्या घरी कळेल. आणि दाताची चिठ्ठी? फाइल उघडून बघा, आहे ना?

कपडे पुढून उघडणारे घ्या, डोक्यातून घालायचे नकोत. उपाशी ठेवायच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. साधारण दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं 4 तास, पाणी 2 तास. पण तुम्हाला जे लिहून देतील तेच पाळा. सोबतच्या आजीला आदल्या रात्रीच समजावून ठेवा. लेकरू रडतं, आजीचा जीव तुटतो आणि पदराआडून बिस्किट दिलं जातं. ते पोटातून उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं.

आयसीयूत तोंडात नळी असेल, छातीत नळ्या असतील. काय काय दिसेल ते नर्सना आधीच विचारून घ्या. मी न विचारता गेले आणि दारातच खाली बसले.

घरी आल्यावर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक पाठीमागे. छातीचं हाड जुळायला 6 ते 8 आठवडे लागतात. औषधं एमएलच्या सिरिंजनेच, चमच्याने नाही. राहिलेल्या लसी कधी घ्यायच्या ते विचारूनच. ताप आला की फोन. आणि पुढचे 6 महिने दाताचं कुठलंही काम निघालं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.