घरातल्या संगणकावर पहिला गेम सर्व्हर: पोर्ट उघडण्याआधी एक पत्ता तपासा

२०२१ च्या पावसाळ्यात, बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर, म्हणजे सर्व खेळाडूंचे एकच जग चालवणारा प्रोग्रॅम, उभा करायला घेतला. डोंबिवलीचा आतेभाऊ, पार्ल्याची मावसबहीण आणि वर्गातल्या चार मैत्रिणी यांना एकाच जगात खेळता यावे, एवढीच अपेक्षा होती. सर्व्हर पहिल्याच संध्याकाळी चालू झाला. बाहेरचे पहिले माणूस त्यात येईपर्यंत मात्र साडेतीन आठवडे गेले. ते आठवडे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवातीचा भाग अवघड नाही, म्हणून तो थोडक्यात सांगते. सर्व्हरची जार फाइल, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम, माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. पहिल्यांदा चालवल्यावर ती लगेच थांबते, कारण परवान्याच्या फाइलमध्ये ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहून अटी मान्य कराव्या लागतात. ही फाइल ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या जावाची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी जुळली पाहिजे: १.१७ ला जावा १६ लागत असे, १.१८ पासून १७ आणि १.२०.५ पासून निदान २१ लागते. आठ जीबी मेमरीच्या संगणकावर चार जीबी सर्व्हरला द्यावी आणि उरलेली ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ठेवावी. सहा-सात खेळाडूंना एवढे पुरते.

आता त्या सापळ्याविषयी. घरातल्या राउटरच्या आत प्रत्येक उपकरणाला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता असतो, आणि बाहेरून आलेला खेळाडू नेमका कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा हे राउटरला सांगावे लागते. त्यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक असलेले दार; माइनक्राफ्टच्या ‘जावा एडिशन’साठी ते पोर्ट २५५६५ आणि प्रोटोकॉल टीसीपी. हे सर्व मी नीट केले होते. संगणकाचा आतला पत्ता राउटरमध्ये कायम करून ठेवला होता, बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी दिली होती. तरीही आतेभावाकडे रोज रात्री तेच उत्तर येई: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. मी नियम पुसून पुन्हा लिहिला, राउटर दोनदा फॅक्टरी रीसेट केला, बाबांचे ऑफिसचे काम त्यामुळे अडले तेव्हा त्यांची बोलणीही खाल्ली. चूक माझ्या राउटरमध्ये नव्हतीच.

माझ्या आजोबांच्या लालबागच्या चाळीत एके काळी एकच टेलिफोन होता, तळमजल्यावरच्या वाण्याच्या दुकानात. चाळीतल्या कोणीही खाली उतरून बाहेर फोन लावावा. त्यात काहीच अडचण नसे. बाहेरून फोन आला की तो वाण्याकडे येई, आणि कोणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक नसेल तर तो फोन तिथेच संपे. आपण आपल्या खोलीचे दार सताड उघडे ठेवले, दारावर पाटी लावली, तरी त्या फोनला त्याचा उपयोग नाही. माझा इंटरनेट पुरवठादार हा तो वाणी होता. त्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला होता, आणि माझा पोर्टचा नियम हा माझ्या खोलीच्या दारावरची पाटी होती.

या व्यवस्थेला कॅरिअर-ग्रेड नॅट, म्हणजे सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत, हिचे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची टंचाई सर्वांत आधी सुरू झाली. एप्रिल २०१२ मध्ये पुरवठादारांच्या अशा आतल्या वापरासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते राखून ठेवण्यात आले. म्हणून पोर्टला हात लावण्याआधी राउटरच्या पानावर ‘वॅन’ (राउटरची बाहेरची बाजू) या शीर्षकाखालचा पत्ता वाचा. तो १०, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर थांबा. तो यांत बसत नसेल, तरी ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही पत्ते वेगळे असतील तर तुमच्या राउटरवरचा कोणताही नियम बाहेरच्या खेळाडूला आत आणू शकणार नाही. माझ्या राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होत होता. मी तो साडेतीन आठवडे रोज पाहत होते, फक्त वाचत नव्हते.

चाचणीनेही माझी दिशाभूल केली. मी माझ्याच संगणकावरून ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हाच संगणक’, असे लिहून आत जात होते, आणि ते चालते म्हणजे सर्व्हर ठीक आहे असे मानत होते. त्यातून फक्त सर्व्हर चालू आहे एवढे कळते. उलट, घरच्याच वायफायवरून स्वतःचा सार्वजनिक पत्ता वापरून आत जाता आले नाही तर लगेच निराश होऊ नका. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी वाट देत नाहीत. खरी चाचणी बाहेरूनच होते: मैत्रिणीच्या घरून, किंवा लॅपटॉप मोबाइलच्या डेटावर जोडून. पोर्ट तपासणारी संकेतस्थळे वापरताना सर्व्हर चालू ठेवा, कारण पलीकडे कोणी ऐकत नसेल तर योग्य रीतीने उघडलेले पोर्टही ‘बंद’ दिसते. संदेशही नीट वाचा. ‘रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा तुमची हाक कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली आणि तिथे त्या पोर्टवर कोणी नव्हते. ‘टाइम्ड आउट’ आले तर ती वाटेतच कुठेतरी हरवली. हा फरक मला पहिल्या दिवशी कोणी सांगितला असता, तर मी राउटर रीसेट करत बसले नसते.

सीजीनॅट निघाला म्हणजे सगळे संपले असे नाही. पुरवठादाराला फोन करून ‘स्टॅटिक पब्लिक आयपी’ हेच शब्द वापरून मागणी करा. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे शुल्क असते. सर्वांकडे आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, असेल तर त्यावरूनही खेळता येते, पण एकाकडेही नसेल तर तो बाहेर राहतो. ओळखीचीच माणसे असतील तर टेलस्केलसारखे खासगी जाळे सर्वांनी बसवणे हा मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो. त्याचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, त्यांचा पुरवठादाराच्या पत्त्याशी गोंधळ करू नये. मी शेवटी हाच मार्ग धरला, आणि त्या रात्री सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, मावसबहिणीचे नाव उमटले. पहाटेपर्यंत तिने नदीकाठी एक लाकडी घर बांधले.

सर्व्हर घरी न ठेवता त्यासाठी इंटरनेटवरचे भाड्याचे यंत्र घेणार असाल तर ते मुंबईतच घ्या, म्हणजे उत्तर लवकर येते. ॲमेझॉनची मुंबईतली केंद्रे २०१६ पासून आहेत, इतरांचीही आहेत. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटरवर आहे, म्हणजे अगदी सरळ केबल असती तरी जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद लागलेच असते. भाड्याच्या यंत्रावर फायरवॉल बहुधा दोन असतात, एक पुरवठादाराच्या पॅनेलमध्ये आणि एक यंत्राच्या आत. दोन्हींकडे पोर्ट उघडावे लागते.

आता कठोरपणे सांगते. माझी अडचण ऐकून कॉलेजमधल्या वरच्या वर्गातल्या एका दादाने दुरून माझ्या संगणकाचा ताबा घेतला आणि राउटरवर ‘डीएमझेड’ चालू करून ठेवले. त्याचा हेतू चांगला होता. परंतु या सोयीने राउटरकडे येणारी प्रत्येक अनोळखी हाक थेट तुमच्या संगणकाकडे वळते, आणि मी सीजीनॅटच्या मागे होते म्हणूनच वाचले. जो माणूस तुमच्या हातातला कीबोर्ड घेऊन काम उरकतो, त्याच्याकडून शिकू नका. जो शेजारी बसून ‘आता काय दिसते ते वाच’ म्हणतो, त्याला धरून ठेवा. व्हिडिओखाली दिलेल्या तयार स्क्रिप्टही ओळीओळीने समजल्याशिवाय चालवू नका. खेळाडूचे खाते खरे आहे का हे तपासणारा ‘ऑनलाइन मोड’ बंद करा हा सल्ला सर्रास मिळतो. तो बंद असेल तर कोणीही तुमचे नाव लावून तुमच्याच अधिकारांनिशी आत येऊ शकतो. व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ द्यायच्या नावांची यादी, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये माइनक्राफ्ट वापरत असलेल्या लॉगफोरजे या लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) दोष उघड झाला, तेव्हा चॅटमध्ये लिहिलेल्या एका ओळीने सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. मी सर्व्हर बंद केला आणि दुरुस्त केलेली १.१८.१ आवृत्ती बसवल्यावरच पुन्हा उघडला. जुन्या आवृत्तीवर सर्व्हर ठेवणारे लोक आजही भेटतात, आणि मला त्यांची काळजी वाटते.

पहिले काही दिवस गेम अडखळला तर घाबरू नका. सर्व्हरचे चक्र सेकंदाला २० वेळा फिरते, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात. ते ओलांडले की सर्वांनाच जाणवते. ‘व्ह्यू डिस्टन्स’, म्हणजे खेळाडूला किती दूरचे जग दाखवायचे तो आकडा, दहावरून सहावर आणल्यावर माझ्या जुन्या संगणकावर बराच फरक पडला.

प्रत काढण्याची सवय मात्र पुढे ढकलू नका. जोराच्या पावसात आमच्या इमारतीचा एमसीबी पडतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर जगाची फाइल बिघडू शकते. चालू सर्व्हरची फोल्डर तशीच कॉपी करू नका. आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल’, मग कॉपी आणि शेवटी ‘सेव्ह-ऑन’, हा क्रम पाळा. माझी प्रत रोज पहाटे चार वाजता निघते, आणि महिन्यातून एकदा मी ती दुसऱ्या संगणकावर उघडून थेट नदीकाठी जाते, ते लाकडी घर जागेवर आहे ना ते पाहायला.