विटी लेवू बेट नकाशावरून कसं समजून घ्यायचं

फिजीचा इतिहास वाचायला घेतला की बरेच जण थेट सनावळ्यांपासून सुरू करतात आणि दोन पानांत कंटाळतात, म्हणून माझं सांगणं असं की आधी वारा बघा, मग डोंगर, मग माणसं. देशात तीनशेच्या वर बेटं असली तरी दर चार फिजीवासीयांतले साधारण तीन एकट्या विटी लेवूवर राहतात, त्यामुळे हे एक बेट नीट कळलं की फिजी बऱ्यापैकी कळला.

फोनवर मॅप उघडा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. बेट जेमतेम १०,४०० चौरस किमी, गोव्याच्या पावणेतीन पट वगैरे. मधोमध डोंगर आहेत, त्यात तोमानिवी सगळ्यात उंच, १,३२४ मीटर. आता आग्नेयेकडून एक बाण काढा, तो तिथला कायमचा वारा, समुद्रावरून ओल घेऊन येतो, डोंगराला धडकतो आणि पूर्वेलाच पाऊस पाडून मोकळा होतो. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की देशावर पाऊस आटतो ना तोच प्रकार, फक्त दिशा उलट, इथे पूर्व ओली आणि पश्चिम कोरडी. पूर्वेकडच्या सुवाला, म्हणजे राजधानीला, वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस, तर पश्चिमेच्या नांदीकडे त्याहून खूपच कमी. मॅपवरही पूर्व गडद हिरवी दिसेल, पश्चिम पिवळट.

नावं वाचताना एक लक्षात ठेवा, स्पेलिंगमध्ये नुसता डी दिसला तरी उच्चार न्द होतो, बी चा म्ब आणि सी चा द किंवा थ सारखा, म्हणून Nadi चं नांदी, Ba चं म्बा आणि Cakobau चं थाकोम्बाउ.

मग नद्या. रेवा पूर्वेला, सिंगातोका दक्षिणेला. सिंगातोकाच्या मुखाशी वाळूच्या टेकड्या आहेत, १९८९ पासून तो फिजीचा पहिला नॅशनल पार्क, आणि तिथे वाऱ्याने वाळू सरकली की जुन्या मडक्यांची खापरं वर येतात. लापिता म्हणून ओळखले जाणारे दर्यावर्दी साधारण ३,००० वर्षांपूर्वी या बेटांवर आले, त्यांची नक्षीची भांडी हाच त्यांचा मुख्य पुरावा. गेलात तर खापर उचलू नका प्लीज, कुठलं कुठे सापडलं यावरच सगळा अभ्यास असतो.

आता पूर्व किनाऱ्याला झूम करा, म्बाउ नावाचा इवलासा ठिपका दिसेल. एवढ्याशा जागेतून थाकोम्बाउ या सरदाराने आसपासच्या मोठ्या भागावर वचक बसवला, १८५४ मध्ये ख्रिश्चन झाला आणि १० ऑक्टोबर १८७४ ला इतर सरदारांसोबत फिजी ब्रिटिशांच्या हवाली केलं. लगेच १८७५ ला गोवराची साथ आली, सुमारे ४०,००० माणसं गेली, हा आकडा वाचून पुढे पळू नका, थांबा जरा, कारण पुढचं बरंच काही इथून सुरू होतं. डोंगरातल्या लोकांना ही नवी सत्ता मान्य नव्हती, १८७६ मध्ये तिथे लढाई झाली. गव्हर्नर आर्थर गॉर्डनने ठरवलं की स्थानिकांची जमीन विकायची नाही आणि मळ्यांवर त्यांना राबवायचंही नाही. मग राबणार कोण? तर हिंदुस्थानातून गिरमिटवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, मजूर आणले. पहिलं जहाज लिओनिडास, कलकत्त्याहून निघून १४ मे १८७९ ला पोचलं, आणि १९१६ पर्यंत ६०,००० हून जास्त माणसं आली.

आता मघाचा बाण परत बघा. सीएसआर या ऑस्ट्रेलियन कंपनीने १८८२ मध्ये साखर कारखाना काढला तो नाउसोरीला, म्हणजे ओल्या बाजूला, पण उसात साखर भरायला कोरडे महिने लागतात, त्यामुळे जोर पश्चिमेकडे सरकला, म्बाला १८८६, लाउतोकाला १९०३, आणि नाउसोरीचा कारखाना १९५९ ला बंदच झाला. म्हणून भारतीय वंशाची गावं पश्चिमेच्या त्या कोरड्या पट्ट्यात एवढी दाट आहेत. पण कसतात ती जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची, मालकी स्थानिक कुळांची. १९७० च्या स्वातंत्र्यानंतरचं राजकारण वाचताना हे डोक्यात ठेवाच. १९८७ चा पहिला लष्करी उठावही १४ मे लाच, लिओनिडास पोचलं त्याच तारखेला झाला, त्यानंतर हजारो भारतीय वंशाचे लोक देश सोडून गेले, आणि १९९७ पासून तीस वर्षांचे भाडेपट्टे संपायला लागले तसे अजून कितीतरी शेतकरी हलले.

प्रत्यक्ष जाणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिल टाळा, तो चक्रीवादळांचा काळ, फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टनने उत्तरेकडचा राकिराकीचा भाग झोडपून काढला होता, देशात ४४ माणसं गेली. जुलै-ऑगस्टला जा, ऊसतोड चालू असते. सुवाला आधी फिजी म्युझियम बघा, मग क्वीन्स रोडने दक्षिणेकडून नांदी-लाउतोका आणि परत येताना उत्तरेचा किंग्ज रोड, लोकल बसने, खिडकीची सीट धरून, आणि हिरवं जंगल संपून ऊस नेमका कुठे सुरू होतो ते मॅपवर खूण करत जा.