डीईएमवरून पाणलोट क्षेत्र काढताना: खडकवासल्याचं उदाहरण

एम.एस्सी. जिओइन्फर्मेटिक्सच्या प्रकल्पात डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या आकडी नकाशावरून) पाणलोट क्षेत्राचा नकाशा बहुतेकांच्या वाट्याला येतोच. बटणं दाबत गेलं तर तो तासाभरात निघतो. अडचण अशी की क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर चुकीच्या डेटावरही तितक्याच ऐटीत उत्तर देतं, त्यामुळे पडताळणी आपल्यालाच करावी लागते. खडकवासला धरणाच्या वरचं क्षेत्र सरावाला चांगलं. मुठेवरचं टेमघर, मोसीवरचं वरसगाव आणि आंबीवरचं पानशेत ही तिन्ही धरणं त्याच्या वरच्या अंगाला आहेत. तुमच्या पॉलिगॉनमध्ये (काढलेल्या क्षेत्राच्या बंद आकृतीत) हे तिन्ही जलाशय आले नाहीत, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

क्यूजीआयएस ग्राससकट (त्यातून चालणाऱ्या विश्लेषणाच्या टूल्सच्या संचासकट) इन्स्टॉल करा. फोल्डरचं नाव रोमन लिपीत ठेवा, मध्ये स्पेस नको. देवनागरी नावांमुळे ग्रासची टूल्स मधूनच अडतात आणि एरर मेसेजवरून कारण कळत नाही.

आता डेटा. १८ ते १९ उत्तर, ७३ ते ७४ पूर्व ही डीईएमची एकच टाइल (एक अंशाचा चौकोनी तुकडा) पुरते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ एफ या शीटचा चौकोनही हाच. एसआरटीएम हा डीईएम फेब्रुवारी २००० मधला. त्यातली उंची पूर्ण मीटरमध्ये असल्याने सपाट भागात पायऱ्या दिसतात. कोपर्निकसच्या ३० मीटर डीईएमचं मोजमाप २०११ ते २०१५ मधलं आणि उंची दशांशात आहे, म्हणून या कामासाठी तो बरा. मात्र तो पृष्ठभागाचा डीईएम आहे: झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही त्यात जमीन म्हणून येतात. दोन स्रोत एकत्र जोडू नका. एसआरटीएमची उंची ईजीएम९६ वर, कोपर्निकसची ईजीएम२००८ वर (ही दोन्ही समुद्रसपाटीची मॉडेलं), तर इस्रोच्या भुवन पोर्टलवरच्या कार्टोडेम या डीईएमची इलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावर. पुण्याच्या परिसरात इलिप्सॉइड आणि समुद्रसपाटी यांत साठ-सत्तर मीटरांचा फरक पडतो, म्हणजे जोडावर सरळ कडाच उभा राहील.

मग प्रोजेक्शन, म्हणजे नकाशा अंशांतून मीटरमध्ये नेणं. पुणे यूटीएम या मीटरमधल्या पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये, त्याचा ईपीएसजी कोड ३२६४३. (नागपूर ७८ अंशांच्या पूर्वेला असल्याने ४४ मध्ये जातं, विदर्भाचं काम करणाऱ्यांनी हे आधी बघावं.) वॉर्प टूलमध्ये रीसॅम्पलिंग (नव्या सेलना आकडे देण्याची पद्धत) बायलिनिअर आणि सेल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, ३० मीटर ठेवा. डिफॉल्ट असलेलं निअरेस्ट नेबर राहू दिलं तर हिलशेडवर (उजेड-सावलीने चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर) आडव्या-उभ्या रेघा उमटतात आणि त्या पुढे ओढे बनून बसतात. भूवापराच्या वर्गांसाठी उलट, तिथे निअरेस्टच हवं. प्रोजेक्शन न बदलता उतार काढला तर जवळजवळ सगळा नकाशा ८९ अंशांचा येतो, कारण आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये असते.

टाइल कापू नका. पूर्ण टाइलमध्ये सुमारे १ कोटी ३० लाख सेल असतात, साधा लॅपटॉप ते पेलतो. सीमेला चिकटून क्लिप करणं हीच इथली सर्वांत मोठी चूक.

आता ग्रासचं आर.वॉटरशेड चालवा. त्याला आधी खड्डे भरून द्यावे लागत नाहीत, खड्ड्यातून बाहेर पडायची सर्वांत स्वस्त वाट ते स्वतः शोधतं. एकाच दिशेच्या प्रवाहाचा, म्हणजे डी८ चा पर्याय निवडा. थ्रेशोल्ड, म्हणजे किती सेलचं पाणी जमलं की ओढा मानायचा, १००० सेल ठेवा: एक सेल ९०० चौरस मीटर, म्हणजे ०.९ चौरस किलोमीटर. आउटपुटमध्ये प्रवाहसंचय (प्रत्येक सेलमध्ये वरच्या किती सेलचं पाणी येतं), प्रवाहदिशा आणि ओढे हे तीन घ्या.

प्रवाहसंचयाच्या रास्टरमध्ये (सेलच्या नकाशात) ऋण आकडे दिसले तर घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. त्या सेलमध्ये नकाशाच्या बाहेरूनही पाणी येत असू शकतं, असा तो इशारा असतो. टाइलच्या कडेला हे होणारच. पण खडकवासल्याच्या भिंतीखाली मुठेच्या सेलवर आयडेंटिफाय करून बघा. तिथे ऋण आकडा आला तर वरचं क्षेत्र कुठेतरी कापलं गेलंय आणि पुढचा प्रत्येक आकडा कमी येणार.

पोअर पॉइंटवर, म्हणजे पाणलोटाचं पाणी बाहेर पडतं त्या बिंदूवर, बहुतेकांचं काम फसतं. हा बिंदू उपग्रह चित्रावरच्या नदीत नव्हे, तर संचयाच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या सेलमध्ये हवा. डीईएममधली नदी आणि चित्रातली नदी एक-दोन सेलने सहज वेगळ्या असतात. एक सेल बाजूला गेलात की या बिंदूवरून क्षेत्र काढणारं ग्रासचं आर.वॉटर.आउटलेट शेकडो चौरस किलोमीटरऐवजी एखादी टेकडीची बाजू देतं. म्हणून १:२००० पर्यंत झूम करा, संचयाचा लेयर वर ठेवा, भिंतीच्या थोडं खाली तो गडद सेल शोधा आणि त्याच्या मधोमध क्लिक करा. प्रोजेक्टचं सीआरएसही (कोऑर्डिनेटची पद्धत) ३२६४३ च हवं, नाहीतर कोऑर्डिनेट अंशात जातात आणि आउटपुट रिकामं येतं.

निघालेलं रास्टर पॉलिगोनाइज केल्यावर, म्हणजे पॉलिगॉनमध्ये बदलल्यावर, सीमेवर एकेका सेलचे तुकडे सुटे दिसतील. डी८ मध्ये पाणी तिरकंही वाहतं, आणि कोपऱ्याने जोडलेले सेल वेगळे पॉलिगॉन म्हणून निघतात. डिझॉल्व्ह करून एकत्र करा, तुकडे हटवू नका. सेव्ह जिओपॅकेजमध्ये करा. शेपफाइल कॉलमचं नाव दहा अक्षरांवर कापते.

मग सीमा हिलशेडवर ठेवून बघा. पश्चिमेकडे ती सह्याद्रीच्या मुख्य धारेवरून गेली पाहिजे. कोकणाकडे उतरली असेल तर प्रवाहदिशेत गडबड आहे. जुन्या टोपोशीटशी तुलना करताना ती एव्हरेस्ट इलिप्सॉइडवर आहेत हे लक्षात ठेवा. त्यांना थेट डब्ल्यूजीएस८४ (जीपीएसची पद्धत) दिलं तर सगळं शंभरेक मीटर सरकतं आणि दोष उगाच डीईएमला जातो.

जलाशयांतून जाणारे सरळ रेषेसारखे ओढे खरे नाहीत. तिथे डीईएममध्ये फक्त पाण्याचा सपाट पृष्ठभाग आहे, बुडालेल्या नदीचं पात्र त्याला माहीत नाही. प्रवाहांची लांबी किंवा नागमोडीपणा काढताना हा भाग वगळा आणि वगळल्याचं लिहा.

थ्रेशोल्ड १००० च का, हे एक्स्टर्नल परीक्षक विचारणारच. ५००, १००० आणि २००० वर ओढे काढा, १:५०,००० टोपोशीटवरच्या निळ्या रेषांवर ठेवा आणि ओढ्यांचे उगम सर्वांत जवळ येतील तो आकडा घ्या. थ्रेशोल्ड बदलला की स्ट्रालर क्रम (ओढ्यांची श्रेणी) बदलतो, त्यावरून काढलेलं बायफर्केशन रेशोही (एका क्रमाच्या आणि पुढच्या क्रमाच्या ओढ्यांच्या संख्येचं गुणोत्तर) बदलतं. म्हणून ते टेबल थ्रेशोल्डशिवाय छापू नका. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये, दशांशानंतर फार तर एक आकडा. ३० मीटरच्या सेलवरून काढलेल्या सीमेला सहा दशांश लावले की परीक्षकाचं पेन तिथेच थांबतं.