यादीत कीटकापुढे ‘इन्सर्टी सेडिस’ लिहिलेलं दिसलं तर नोंद कशी करायची

कीटकाचं नाव शोधता शोधता एखाद्या यादीत ‘इन्सर्टी सेडिस’ असा शेरा दिसतो, म्हणजे याला नेमकं कुठे बसवायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि मग लोक एकतर तो शेरा उडवून टाकतात नाहीतर जवळचा वाटेल तो ग्रुप ठोकून देतात. दोन्ही नका करू. नाव, वर्णन, म्युझियममधला नमुना सगळं पक्कं असू शकतं, फक्त नातेवाईक कोण ते ठरायचं बाकी असतं.

आधी बघा शेरा वर्गीकरणाच्या कुठल्या पायरीवर आहे: वर ऑर्डर, तिच्यात फॅमिली, तिच्यात ट्राइब, तिच्यात जीनस. फॅमिली नक्की आहे आणि आतली ट्राइब ठरत नाहीये, असे तर ढिगाने सापडतात, त्यात विशेष काही नाही. पण घोळ कधीकधी पार वर असतो. झोराप्टेरा घ्या, कुजक्या लाकडात राहणारे जेमतेम तीनेक मिलिमीटरचे जीव, १९१३ मध्ये सिल्व्हेस्ट्री या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने नाव दिलं, स्वतंत्र ऑर्डर आहे हे सगळ्यांना मान्य, पण तिच्या जवळचं कोण यावर शंभर वर्षांनंतरही एकमत नाही.

मग कारण शोधा, कारण सगळी अनिश्चितता एकसारखी नसते. कधी पुरावाच तुटपुंजा असतो. स्कॉटलंडच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या दगडातल्या ऱ्हायनिओग्नाथा या जीवाश्माचे मुख्यतः जबडेच हाती आहेत, २००४ मध्ये तो पंखवाला कीटक असावा असं मांडलं गेलं आणि २०१७ मध्ये दुसऱ्यांनी म्हटलं की हा गोमेच्या गोतावळ्यातला असू शकतो. आता जबड्यावरून किती भांडणार!

कधी उलट, पुरावा भरपूर पण तोच आपसात भांडतो. स्ट्रेप्सिप्टेरा या परजीवी कीटकांच्या ऑर्डरचं तसंच झालं. गांधीलमाशीच्या पोटावरच्या दोन पट्ट्यांमधून तपकिरी, चपटं टोक डोकावताना दिसलं तर ते या परजीवीच्या मादीचं डोकं असू शकतं, बाकी सगळी ती आतच. नर मात्र उडतो, त्याचे पुढचे पंख आखडून मुगदळासारखे झालेले, घरमाशीसारख्या माश्यांमध्ये मागचे पंख तसे असतात, म्हणून १९९० च्या दशकात काहींनी यांना माश्यांच्या शेजारी बसवलं, डीएनएनेही तेव्हा तसंच सांगितलं. पण ज्या दोन वंशांचा डीएनए फार भराभर बदललेला असतो ते नातं नसतानाही जवळचे दिसू शकतात, आणि पुढे २०१२ मध्ये पूर्ण जीनोम तपासल्यावर ते भुंगेऱ्यांच्या शेजारी गेले. म्हणून नुसतं ‘डीएनएने सिद्ध’ वाचून हुरळून जाऊ नका, किती जीन तपासले तेही बघा.

यादीचं साल बघायला विसरू नका. वाळवी जुन्या याद्यांमध्ये स्वतंत्र ऑर्डर आहे, २००७ नंतरच्या बऱ्याच याद्यांमध्ये झुरळांच्या ऑर्डरमध्ये. दोन याद्या मिसळल्या की नुसती खिचडी.

आता नोंद. जिथपर्यंत खात्री आहे त्याच पायरीपर्यंत लिहा, पुढचं रिकामं ठेवा, आणि खाली वेगळ्या ओळीत लिहा की अमुक सालच्या अमुक यादीनुसार जागा अनिश्चित. तुम्हाला स्वतःला ओळख पटत नसेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे नावाआधी ‘सीएफ.’ (म्हणजे ‘याच्याशी ताडून बघा’) लावतात, तो तुमचा डाउट झाला, शास्त्राचा नाही. हे दोन एकत्र केले की पुढच्याला काही म्हणता काही कळत नाही.

नाव देणाऱ्याचं नाव आणि साल जसंच्या तसं उतरवा, कंससुद्धा. ‘एपिस मेलिफेरा लिनियस, १७५८’ ला कंस नाही कारण ती मधमाशी पहिल्यापासून त्याच जीनसमध्ये आहे, ‘डॅनॉस क्रिसिपस (लिनियस, १७५८)’ ला आहे कारण ते फुलपाखरू आधी पॅपिलिओमध्ये होतं. म्हणजे कंस दिसला की समजायचं, हा जीनस बदलून आलाय.

फोटो काढताना पाठीवरचा एकच सुंदर फोटो काढून थांबू नका, पंखांच्या शिरा, मिशा, तोंडाचे भाग आणि पायाच्या टोकाचे सांधे मोजता येतील असे क्लोजअप घ्या, उद्या जागा बदलली तरी ते कामाला येतात.