ऑइल फिल्टर काढायचा पाना घेताय? आधी गाडीखाली वाकून बघा

मागच्या मे महिन्यात घरीच ऑइल बदलायला घेतलं, सकाळी सहाला, कारण सोलापुरात मे मध्ये दहा वाजले की फरशीवर पाठ टेकवता येत नाही. ड्रेन प्लग निघाला, जुनं ऑइल सगळं खाली आलं आणि फिल्टर काही केल्या हलेना. आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी पाना लावून आवळला होता, डब्याच्या कडेवर त्याचे वळ दिसत होते. शेजारून चेन पाना आणला, मधोमध गुंडाळला आणि जोर लावला तर डबा चेपला, फिल्टर तिथंच. गाडी ऑइलविना दारात उभी आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचं ठरलेलं. त्या दिवसापासून कुणी विचारलं की कोणता पाना घेऊ, तर मी आधी त्याला गाडीखाली बघून यायला सांगतो.

बघायचं काय, तर पहिलं म्हणजे फिल्टर कुठल्या जातीचा आहे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना बाहेरून दिसणारा पत्र्याचा डबा असतो, तो अख्खा फिरवून काढायचा. पण काही गाड्यांना, उदाहरणार्थ जुन्या स्विफ्ट डिझेलला, वरून झाकण असतं आणि आत कागदी फिल्टर. त्या झाकणाच्या डोक्यावर नट असेल तर साधी गोटी (नटावर बसणारं सॉकेट) आणि रॅचेट (ती फिरवायची दांडी) पुरतं, फक्त गोटी बरोब्बर मापाची पाहिजे, झाकण प्लास्टिकचं असलं तर सैल गोटीने त्याचे कोपरे जातात आणि मग सगळंच अवघड होतं.

दुसरं म्हणजे जागा. फिल्टरच्या बाजूने हात आत जातो का, का फक्त समोरून, म्हणजे बंद तोंडाच्या बाजूने जातो. बाजूने जागा असेल तर बेल्टचा किंवा चेनचा पाना चालतो, त्याच्या दांडीला फिरायला जागा लागते हे लोक दुकानात विसरतात आणि घरी आल्यावर दांडी एका बाजूला सायलेन्सरच्या पाइपला आणि दुसऱ्या बाजूला चेसिसला अडते. फक्त समोरूनच जागा असेल तर कप घ्या, तो टोपीसारखा फिल्टरच्या तोंडावर बसतो, मागे रॅचेट लावायचा, लागलं तर मध्ये एक्स्टेन्शनची जोडदांडी.

माझ्या मते घरी काम करणाऱ्याने कपच घ्यावा, पण तो मापाचा पाहिजे, आणि गडबड इथंच होते. कपावर दोन आकडे असतात, व्यास मिमी मध्ये आणि आतले पैलू, म्हणजे सपाट बाजू, किती ते, म्हणजे 65 मिमी 14 पैलू असं काहीतरी. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, नुसता व्यास जुळून उपयोग नाही, पैलू वेगळे असले की कप बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की गरकन फिरतो. म्हणून नवा फिल्टर आधी घ्या आणि तो खिशात घालून टूल्सच्या दुकानात जा, कप त्याच्यावर बसवून बघा, घट्ट बसला पाहिजे, हलवला तर खुळखुळ नको. आणि अजून एक, गाडीला सध्या बसवलेला फिल्टर वेगळ्या कंपनीचा असू शकतो, त्याचे पैलू वेगळे असले तर नव्या फिल्टरला बसणारा कप जुन्याला बसणार नाही. गाडीखालच्या फिल्टरचा मोबाईलवर फोटो काढा, पैलू मोजा आणि मगच घ्या. पुढे कायम एकाच कंपनीचा फिल्टर लावला तर तोच कप वर्षानुवर्षं चालतो.

तीन पायांचा पाना पण मिळतो, रॅचेटने फिरवला की पाय आत येऊन डबा धरतात आणि जितका जोर लावाल तितकी पकड वाढते. त्या दिवशी माझा फिल्टर शेवटी यानेच निघाला. लहानमोठ्या फिल्टरला एकच चालतो, घरात दोन वेगळ्या गाड्या असतील तर हाच परवडतो. पण पायांना फिल्टरच्या भोवतीने थोडी जागा लागते आणि डब्यावर ओरखडे येतात, म्हणून नवा फिल्टर बसवायला हा कधीच लावू नका.

बेल्टचा किंवा चेनचा घेतलाच तर तो बुडाजवळ गुंडाळा, म्हणजे फिल्टर इंजिनला टेकतो त्या बाजूला, तिथं पत्रा मजबूत असतो, मध्ये गुंडाळला की माझ्यासारखा चेपतो. तेलकट डब्यावर बेल्ट घसरतो, त्यामुळे आधी कोरडा पुसून घ्या, आपल्याकडे यंत्रमागाचं कॉटन वेस्ट सहज मिळतं, त्याच्यासारखं तेल दुसरं काही पित नाही. तरी घसरला तर पॉलिश पेपरचा तुकडा खरखरीत बाजू डब्याकडे करून मध्ये घाला. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा प्रकार मात्र करू नका, पत्रा फाटतो, फिल्टर तिथंच राहतो आणि मग कुठलाच पाना धरत नाही.

काढताना इंजिन कोमट असावं, तीन चार मिनिटं चालवून बंद केलं की पुरे, लांबून आल्या आल्या हात घालू नका, बाजूचा सायलेन्सर भाजतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावायचेच. दिशा फिल्टरच्या बंद तोंडाकडून बघून ठरवायची, उलट्या घड्याळाने सैल होतो, वरून वाकून फिरवताना उलटं वाटतं आणि माणूस अजून आवळत बसतो. निघाला की जुनं रबर फिल्टरबरोबर आलं का बघा, ते इंजिनला चिकटून राहिलं आणि त्याच्यावर नवा बसवला तर ऑइल धो धो गळतं.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने थोडं ऑइल लावा, हाताने फिरवा, रबर टेकल्यावर बहुतेक फिल्टरला पाऊण फेरा, तुमचा नक्की किती ते फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. पाना लावून आवळू नका, पुढच्या वेळी काढणारे तुम्हीच आहात. मग ऑइल भरा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून खाली टॉर्चने बघा, फिल्टरच्या कडेला ओल दिसत नसेल तर बंद करून डिपस्टिकवर लेव्हल बघा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रमात द्या, गटारात ओतू नका. आणि कपावर पेंटने गाडीचं नाव टाकून ठेवा.